एका कारकुनाची रोजनिशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



‘जगाचा इतिहास’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आमची छातीच दडपली. जगाचा इतिहास, आणि वेळ पाऊण तास! बरे, वक्ता पाहावा तर इतिहास विषय घेऊन कसाबसा बी. ए. झालेला, आणि त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत घालवलेला. आम्ही परीक्षेसाठी जो इतिहास पाठ केला, तो तहांचा, लढायांचा आणि सनावळ्यांचा. त्या लढाया लढणारी माणसे सकाळी उठून काय खात होती, त्यांच्या घरी भांडणे कशावरून होत, महिनाअखेरीस त्यांच्या हाती किती पैसे उरत, याचा पत्ता आम्हांला पदवी मिळेपर्यंत लागला नव्हता. म्हणून आम्ही चिटणिसांशी तडजोड केली. जग सोडून एक शहर घेतो, शतके सोडून नऊ वर्षे पाच महिने घेतो, आणि राजेमहाराजे सोडून एक सरकारी कारकून घेतो, असे आम्ही त्यांना सांगितले. चिटणीस उदार गृहस्थ आहेत. त्यांनी मान्यता दिली.

शहर लंडन. काळ १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९. आणि कारकुनाचे नाव सॅम्युएल पीप्स.

या गृहस्थाची आणि आमची गाठ कोलकात्याच्या मुक्कामी पडली. बदलीवर नुकतेच तिथे गेलो होतो, कुटुंब अजून यायचे होते, आणि संध्याकाळ खायला उठे. कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढे तास तास उभे राहणे, हाच काय तो विरंगुळा. तिथे पीप्सच्या रोजनिशीची एक संक्षिप्त, पाठपुठ्ठा निखळलेली प्रत आम्हांला मिळाली. विकत घेतली ती इतिहासाच्या ओढीने नव्हे. मधलेच एक पान उघडले, आणि त्या पानावर एक सरकारी नोकर आपल्या वरिष्ठांविषयी जे लिहीत होता, ते वाचून आम्हांला हसू आले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याला एकट्याने असताना हसवावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ चा, लंडनचा. बाप शिंपी. शिष्यवृत्त्यांच्या आधाराने मुलगा शिकला आणि १६५४ साली केंब्रिजहून बी. ए. झाला. (ही पदवी ऐकून आम्हांला त्याच्याविषयी अधिकच आपुलकी वाटली, हे कबूल करतो.) आईबापांकडून मिळाले होते ते एकच, एडवर्ड मॉंटेग्यू नावाच्या बड्या सरदाराशी दूरचे नाते. त्या नात्याच्या जोरावर १६६० च्या उन्हाळ्यात त्याला इंग्लंडच्या आरमार खात्यात ‘क्लार्क ऑफ द ॲक्ट्स’ ही जागा मिळाली. वर्षाला ३५० पौंड पगार आणि कचेरीच्या आवारातच घर. शिफारशीने लागलेल्या माणसाविषयी आपण जे मत करून घेतो, ते इथे घाईने करू नये. हा माणूस पुढे इंग्लंडच्या आरमाराचा कारभार शिस्तीस लावणारा सचिव झाला. आरमारातील लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा द्यावी लागेल, नुसते घराणे चालणार नाही, हा नियम १६७७ साली त्याच्याच आग्रहाने झाला. म्हणजे जो स्वतः वशिल्याने आत आला, त्याने मागून येणाऱ्यांसाठी परीक्षेचा उंबरठा घातला!

पण आरंभी त्याची तयारी काय होती? १६६२ च्या जुलैमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हा केंब्रिजचा पदवीधर पहाटे चारला उठून पाढे पाठ करतो आहे. जहाजांसाठी लाकूड, दोरखंड, डांबर यांची लाखो पौंडांची खरेदी त्याच्या सहीने व्हायची, आणि गृहस्थाला गुणाकार येत नव्हता. तेव्हा एका जहाजावरील कूपर नावाच्या अधिकाऱ्याला त्याने शिकवणीस ठेवले, आणि पाढ्यांपासून सुरुवात केली. ठेकेदार मापात खोटे करतात, हे कळले की लाकूड मोजायचे कसे ते शिकायचे. दोरात कमी प्रतीचा ताग घातला जातो, हे कळले की कारखान्यात जाऊन दोर उलगडून पाहायचा. आमच्या नोकरीत ‘हे माझ्या कामाचे नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले, आणि खोटे कशाला बोला, इतक्या वेळा उच्चारले आहे, की हे प्रकरण वाचताना आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

याचा अर्थ पीप्स धुतल्या तांदळासारखा होता, असे मात्र कोणी समजू नये. ३ एप्रिल १६६३ ची नोंद पाहा. एका कॅप्टनने त्याच्या हातात एक पत्र दिले. आत नाणी आहेत, हे पीप्सला बाहेरूनच कळले. कचेरीत आल्यावर त्याने ते पाकीट असे उघडले, की आधी नाणी सगळी बाहेर पडावीत, आणि मगच कागदाकडे नजर जावी. का? तर उद्या कोणी विचारलेच, तर ‘कागदात पैसे असलेले मी पाहिले नाहीत’ असे शपथेवर सांगता यावे! लाचलुचपतीवर आम्ही अनेक परिपत्रके वाचली आहेत. पण माणूस स्वतःच्या मनाशी कसा करार करतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारे परिपत्रक आमच्या पाहण्यात नाही. आणि नवल हे, की हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. कोणी मागितले नव्हते, कोणी पाहणार नव्हते.

थोरामोठ्यांची दर्शने या रोजनिशीत पावलोपावली होतात, पण ती अशी. क्रॉमवेलची राजवट संपून दुसरा चार्ल्स १६६० च्या मे महिन्यात हॉलंडहून परत आला, तेव्हा त्याला आणायला गेलेल्या आरमारात पीप्स होता. इंग्लंडच्या इतिहासातला केवढा मोठा प्रसंग! किनाऱ्यावर तोफा, घंटा, गर्दी. पीप्स ज्या नावेतून उतरला, त्या नावेत राजाचा लाडका कुत्राही होता. त्या कुत्र्याने नावेतच घाण केली, सगळे हसले, आणि पीप्सच्या मनात आले, की राजा काय आणि त्याचा गोतावळा काय, आपल्यासारखेच आहेत. आम्ही महाविद्यालयात या राज्यारोहणावर वीस गुणांचे उत्तर लिहिले होते. त्यात कुत्रा नव्हता.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पीप्सने आयुष्यात पहिल्यांदा चहा मागवून घेतला. चिनी पेय, पूर्वी कधी घेतले नव्हते, एवढीच नोंद. आवडला की नाही, ते लिहायचे राहिले. अशा जागी आम्हांला त्याचा फार राग येतो.

आता तारखा जुळवून पाहण्याची आमची एक खोड आहे. महाराष्ट्राबाहेर राहिल्याने ती वाढली असावी. पीप्सने रोजनिशीचे पहिले पान लिहिले, तेव्हा प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडून दोन महिनेही झाले नव्हते. १६६३ साली पीप्स पाढे म्हणण्याच्या पलीकडे जाऊन हिशेब तपासू लागला होता, आणि इकडे शिवाजी महाराज लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटे छाटत होते. पीप्सला यातले काही ठाऊक नव्हते, हे उघडच आहे. परंतु आपल्या किनाऱ्याचा एक तुकडा मात्र त्याच्या रोजनिशीत आला आहे, आणि तो म्हणजे मुंबई.

चार्ल्सचा विवाह पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरला आणि १६६१ च्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिले गेले, हे आपण शाळेत शिकलो. पण ते आंदण हाती कसे पडले, याची गंमत १६६३ सालच्या नोंदींत आहे. पीप्सला असे कळते, की लंडनमध्ये राजापुढे जो नकाशा ठेवला, त्यात मुंबई आणि आसपासची बेटे मिळून एकच मोठा भूभाग दाखवला होता. प्रत्यक्ष माणसे तिथे पोचली तेव्हा निघाले एक लहानसे बेट. आणि तेही द्यायला तिथला पोर्तुगीज अधिकारी तयार नाही! पुढची हकीकत रोजनिशीबाहेरची आहे. ताबा घ्यायला आलेले सर अब्राहम शिपमन आणि त्यांचे सुमारे चारशे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. शिपमनसह त्यांतले बहुतेक रोगराईने तिथेच मेले. उरलेल्या मूठभर माणसांनिशी हंफ्री कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घेतला, आणि १६६८ साली राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. मुंबईत आज आमच्या एका भाच्याने खोली घेतली आहे. तिचे भाडे ऐकले तर दुसऱ्या चार्ल्सला झीट येईल.

असो. आता १६६५ सालाकडे वळू. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग शिरला. ७ जूनला पीप्सला प्रथमच दोनतीन घरांच्या दारांवर तांबडा क्रूस आणि देवाच्या दयेची याचना रंगवलेली दिसली. त्याला इतके कसेसे झाले, की हुंगायला आणि चघळायला त्याने तंबाखू विकत घेतली. दर आठवड्याला मृतांच्या आकड्यांचा छापील कागद निघे, आणि शहर त्या कागदाकडे डोळे लावून बसे. २०२० साली आपण सर्वांनी रोज संध्याकाळी जे केले, तेच. एके दिवशी पीप्सने आपल्या पॅरिशच्या कारकुनाला रोगाची खबर विचारली. तो म्हणाला, वाढतो आहे. या आठवड्यात नऊ गेले, मी सहा कळवले आहेत. पीप्सने पुढे हिशेब मांडला, की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात प्लेगने मेलेल्यांचा सरकारी आकडा ६,१०२, पण खरा दहा हजारांच्या जवळ असावा. कारण गरिबांची मोजदाद कोण करतो! वर्षाअखेरीस सरकारी बेरीज झाली ६८,५९६. इतिहासाच्या पुस्तकात हा आकडा अगदी सुटा एकक-दशकापर्यंत छापलेला असतो, आणि आपण तो श्रद्धेने पाठ करतो. ज्याने नवाचे सहा केले, तो कारकून त्या आकड्यात बसलेला आहे, हे पीप्समुळे आपल्याला समजते.

राजदरबार शहर सोडून गेला. पीप्स बऱ्याच अंशी मागे राहून काम करीत राहिला, याबद्दल त्याला मान द्यावा. पण त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो काय लिहितो? आपली संपत्ती १,३०० पौंडांवरून ४,४०० पौंडांवर गेली, आणि एवढ्या आनंदात आपण पूर्वी कधी राहिलो नव्हतो! हे वाचून अंगावर शहारा येतो. दुसरा कोणी असता, तर निदान हे वाक्य खोडून टाकता.

प्लेग ओसरतो न ओसरतो, तोच आग. रविवार, २ सप्टेंबर १६६६. पहाटे तीनच्या सुमारास जेन नावाच्या मोलकरणीने पीप्स पतिपत्नींना उठवले. दूरवर आग दिसते आहे म्हणाली. पीप्सने खिडकीतून पाहिले, लांब आहे असे ठरवले, आणि तो पुन्हा झोपला. जगातल्या एका प्रसिद्ध अग्निप्रलयाचा साक्षीदार पहिल्या रात्री झोपी गेला, ही गोष्ट आम्हांला फार खरी वाटते. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागलेली ती आग सकाळपर्यंत नदीकाठापर्यंत पोचली होती. पीप्स नावेतून राजवाड्यावर गेला, राजाला सांगितले, की मधली घरे पाडल्याशिवाय ही आवरणार नाही. आणि राजाचा तसा हुकूम घेऊन तो लंडनच्या मेयरला शोधत निघाला. मेयर भेटला तो गळ्याला रुमाल गुंडाळलेला, थकलेला, हताश. लोक माझे ऐकत नाहीत, घरे पाडतो त्याहून आग पुढे पळते, असे म्हणत होता.

परंतु आमच्या लक्षात राहिले आहे ते हे नव्हे. नदीवर सामान वाहून नेणाऱ्या नावांची दाटी झाली होती, आणि पीप्सच्या ध्यानात आले, की दर तीन नावांत एका नावेत एक तरी वाद्य आहे; पेटीसारखे, पट्ट्यांनी वाजवायचे, तारांचे वाद्य. घर जळत असताना माणसाने काय उचलावे? आपल्याकडे पानशेतच्या पुरात, १९६१ साली, कोणी देव उचलले, कोणी तंबोरा, कोणी नुसतीच चटणीची बरणी हाती धरून बाहेर पडले, असे आम्ही थोरांकडून ऐकले आहे. पीप्सने काय केले? दोन दिवसांनी आग त्याच्या घराजवळ आली, तेव्हा त्याने आणि शेजारच्या सर विल्यम पेनने बागेत खड्डा खणला, आणि त्यात आपल्या मद्याच्या बाटल्या आणि परमेझान चीज पुरले! इटलीहून आलेला तो पदार्थ फार महाग असे, म्हणून त्याला हसू नये. आणि पारवे. जळत्या घरांच्या वळचणी त्यांना सोडवेनात. ते खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिले, पंख होरपळले, आणि खाली पडले. दुसऱ्या एका नोंदीत भिंतीलगतच्या चिमणीच्या भोकातून काढलेले एक मांजर आहे. अंगावरचा केस न् केस जळालेला, पण जिवंत. १३,२०० घरे आणि ८७ चर्चे जळाली, हा आकडा आम्हांला दर वेळी पुस्तकात पाहून सांगावा लागतो. ते मांजर पाहावे लागत नाही.

पीप्सचे घर वाचले. गोदीतल्या कामगारांनी आजूबाजूची घरे सुरुंगाने उडवली, म्हणून वाचले.

त्याच ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले होते, आणि लंडन जळत असताना ते वाटेवर कुठेतरी होते. हे आमच्या खोडीखातर.

पुढच्या वर्षी, १६६७ च्या जूनमध्ये, डच आरमार मेडवे नदीत शिरले, इंग्रजांची जहाजे त्यांनी जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे राजाच्या नावाचे जहाज ओढून नेले. असे का झाले, याचे कारण पीप्सच्या कचेरीच्या दाराशी रोज उभे होते. खलाशांना महिनोन् महिने पगार नव्हता. पैशांऐवजी त्यांना चिठ्ठ्या मिळत. त्या चिठ्ठ्या अर्ध्या किमतीला सावकाराकडे जात. त्यांच्या बायका कचेरीच्या आवारात येऊन रडत, ओरडत, आणि पीप्स खिडकीतून पाहून कळवळे. त्याच्या हाती पैसा नव्हता, कारण राजाच्या हाती नव्हता, किंवा होता तो दुसरीकडे जात होता. डचांच्या जहाजांवर तेव्हा इंग्रज खलाशीच होते. आजवर चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशासाठी लढतो, असे ते ओरडून सांगत होते. साम्राज्यांच्या उदयास्ताची कारणे आम्हांला पाठ होती. त्यांत ‘थकलेला पगार’ हे कारण कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

डच लंडनवर येणार या भीतीने पीप्सने घरातले सोने बायको आणि बाप यांच्याबरोबर गावी पाठवून बागेत पुरायला लावले. त्यांनी ते रविवारी, भर दिवसा, गाव चर्चमध्ये असताना पुरले. ऑक्टोबरमध्ये तो स्वतः काढायला गेला, तर पिशव्या कुजलेल्या, नाणी मातीत विखुरलेली. रात्री कंदील घेऊन, शेजारी ऐकतील म्हणून दबक्या आवाजात बापावर चिडत, हा आरमार खात्याचा मोठा अधिकारी माती चाळत बसला होता.

इथपर्यंत सांगायला सोपे होते. आता जे सांगायचे, ते सांगावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला.

पीप्स घरात चांगला माणूस नव्हता. नोकरांना मारीत असे, आणि हाताखालच्या व अडलेल्या स्त्रियांशी त्याने जे वर्तन केले, ते आज वाचवत नाही. तेही त्याने लिहून ठेवले आहे, परभाषेतल्या शब्दांचा आडोसा घेऊन. त्याची पत्नी एलिझाबेथ फ्रेंच वंशाची. १६५५ साली लग्न झाले तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची. मूल नाही, नवरा दिवसभर कचेरीत, संध्याकाळी नाटकाला. ९ जानेवारी १६६३ रोजी तिने त्याला एक कागद वाचून दाखवला. तिनेच लिहिलेला. आपण किती एकट्या आहोत, घरात दिवस कसा कंठतो, हे त्यात होते. पीप्स स्वतःच लिहितो, की त्यातले म्हणणे खरे होते. पण तो इंग्रजीत होता, उद्या कोणाच्या हाती लागला तर लोक वाचतील, म्हणून त्याने तो फाडायला सांगितला. तिने नकार दिला. तेव्हा त्याने तो हिसकावून घेतला, तिच्या इतर कागदांचे गाठोडे काढले, आणि त्यांतले एकेक, त्याने स्वतः तिला लिहिलेली प्रेमपत्रेसुद्धा, तिच्या डोळ्यांदेखत फाडले. विवाहाचा परवाना, एक खत आणि आपले पहिले पत्र, एवढे ठेवले. त्या कागदाचे तुकडे मागाहून वेचून ठेवले, बाकीचे जाळले, असे तो लिहितो. ते तुकडे आपल्यापर्यंत आले नाहीत.

ज्या माणसाने आपला एक दिवस वाया जाऊ दिला नाही, त्याने आपल्या बायकोचे एक पान ठेवले नाही. साडेबारा लाख शब्दांची ती रोजनिशी आज केंब्रिजला काचेच्या कपाटात आहे. एलिझाबेथचा दिवस कसा जात होता, ते आपल्याला माहीत नाही; फाडण्याइतका तो खरा होता, एवढे माहीत आहे. १६६९ च्या नोव्हेंबरात ती तापाने गेली. वय एकोणतीस.

हे पान आम्ही कोलकात्यात वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. वाचले, आणि आम्हांला आमची गोष्ट आठवली. आमच्या आईला रोजनिशी ठाऊक नव्हती. पण ‘कालनिर्णय’च्या दरवर्षीच्या दिनदर्शिकेवर, तारखेच्या चौकोनात, ती रोज काहीतरी लिही. दूध अर्धा लिटर. दूध नाही. गॅस लावला. वन्सं आल्या. रेशनची साखर. ताप ९९. कुठे नुसतेच ‘पत्र नाही’. वर्ष संपले की ती दिनदर्शिका गुंडाळी करून कपाटावर जाई. एका बदलीच्या वेळी आवराआवर करताना आम्ही आमचे सर्व कागद, वेतनपत्रके, बदलीचे हुकूम, अगदी प्रवासभत्त्याच्या बिलांच्या प्रती, क्रमवार फाइलीत लावल्या. आणि त्या वीसबावीस गुंडाळ्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत दिल्या. तिला विचारले नाही. संध्याकाळी तिच्या लक्षात आले. ती रागावली नाही. धाकटीच्या लग्नाच्या वर्षाची त्यातच होती का रे, एवढेच तिने विचारले. आम्ही ‘बघतो’ म्हणालो. बघण्यासारखे काही उरले नव्हते. पीप्सने निदान फाडण्यापूर्वी वाचले तरी होते.

रोजनिशी ३१ मे १६६९ रोजी थांबते. मेणबत्तीच्या उजेडात लिहून लिहून आपण आंधळे होणार, अशी त्याची खात्री झाली होती. तो आंधळा झाला नाही. पुढे चौतीस वर्षे जगला, दोनदा आरमाराचा सचिव झाला, टॉवरमध्ये कैदेत पडला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर त्याचे नाव छापले गेले. पण त्या तोडीची रोजनिशी त्याने पुन्हा लिहिली नाही. आपली तीन हजार ग्रंथांची लायब्ररी त्याने आपल्या जुन्या मॉडलिन कॉलेजला अशा अटीवर दिली, की त्यात एक पुस्तक घालायचे नाही आणि एक काढायचे नाही. पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली. जे बुटके त्याच्याखाली लाकडी ठोकळा. त्यांतच रोजनिशीचे सहा खंड होते, शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलेले. शंभर वर्षे कोणाला ते वाचता येईना. शेवटी १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या गरीब विद्यार्थ्याने ते काम दोनशे पौंडांवर अंगावर घेतले, आणि दिवसाचे बाराबारा तास घालून तीन वर्षांत संपवले. त्या लघुलिपीचे क्रमिक पुस्तक त्याच लायब्ररीत, रोजनिशीजवळच्याच फळीवर होते. ते त्याला कोणी सांगितले नाही. आपल्यापैकी किती घरांत आजोबांचे मोडीतले कागद असेच ट्रंकेत पडून आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. मोडी शिकवणारी पुस्तके अजून मिळतात, एवढी माहिती देऊन ठेवतो.

आता मंडळाविषयी थोडेसे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळण्याचे काम समितीने आमच्याकडे दिले. अक्षर सुंदर, ठराव नियमित, सूचक-अनुमोदकांची नावे बिनचूक. पहिल्या वर्षीच्या गणेशोत्सवाला किती वर्गणी जमली, ते पैशापर्यंत आहे. पण मूर्ती आणली कुठून? या गावी तेव्हा आपल्या पद्धतीची मूर्ती करणारा कोणी नव्हता. एकवीस मोदकांचा ठराव आहे. पण तांदळाची पिठी इथे मिळत नसताना ती कोणी, कुठे दळली? कोणाच्या घरी? पन्नास वर्षांच्या वह्यांत स्वयंपाक करणाऱ्या एकाही बाईचे नाव आम्हांला सापडले नाही. ‘भगिनीवर्गाने सहकार्य केले’ असे मात्र दरवर्षी आहे.

फक्त एक अपवाद आहे. पहिल्याच वहीच्या शेवटच्या पानामागे शिसपेन्सिलीने केलेली एक यादी आहे. गूळ, नारळ, वेलदोडे, केळीची पाने, पुढे आकडे. एका ओळीवर काट मारून ‘घरून आणते’ असे लिहिले आहे. अक्षर पुरुषी नाही, आणि चिटणिसांचे तर नाहीच. ते पान उघडून ती वही बाहेरच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. जाताना सर्वांनी, विशेषतः इथे पहिल्यापासून असलेल्या काकू-मावशींनी, ती जरूर पाहावी. अक्षर कोणाचे ते ओळखता आले, तर नाव तिथेच ठेवलेल्या कागदावर लिहावे. आणि ती बाई आज इथे हजर असेल, तर पिठी कुठे दळली, तेही आम्हांला सांगावे.